खळीचा हात

अमावास्येच्या भर दुपारी टेमघरच्या कापड विणायच्या जळक्या लूम शेडपुढे जत्रा भरली होती. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार तर होतेच, पण दापोड्याच्या गोदामांतले हमालही जेवणाचे डबे घेऊन आले होते. भूत बघायचं, तर ते उपाशीपोटी कशाला?

मोरूबाबाने दोन बांबूंना एक पांढरंशुभ्र कापड ताणून बांधलं होतं. अंगात काळी कफनी, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोळ्यांत घरभर पुरेल एवढं काजळ. त्याने तांब्यात आंब्याची डहाळी बुडवली आणि आरोळी ठोकली,

"ॐ ह्रीं फट्! आडवा धागा, उभी दोरी, तुळजे, बाहेर ये गं पोरी!"

पिवळसर तीर्थ कापडावर उडालं. आधी नुसते डाग दिसले. मग बघता बघता कापडावर एक काळानिळा पंजा उमटला. अंगठा होता, तीन बोटं पूर्ण होती आणि एक बोट अर्धंच होतं.

"आयायाया! तुळजाचाच हात!" बायका मागे सरल्या. शेडच्या आगीत मेलेल्या तुळजाचं बोट पूर्वी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनमध्ये तुटलं होतं, हे अख्ख्या टेमघरला ठाऊक होतं.

बाबाने आवाज बारीक केला. "पुतळाताई गंऽऽ, मागचं दार मीच लावलं. शेठचा दोष न्हाय. ही शेड पाडा, तवाच मी सुटेन."

पुढच्या रांगेत पुतळाबाई बसली होती. तुळजा तिची पाठची बहीण. शेजारी तुळजाची लेक भाविका अंग चोरून बसली होती. बाबाने डहाळी जोरात झटकली, तसे दोघींच्या अंगावर थेंब उडाले. भाविकाच्या पांढऱ्या ओढणीवर पडलेले थेंब काळेनिळे झाले.

"आईची सावली लेकीवर आली!" बाबा गरजला. "आता कोर्टकचेरी सोड पोरी, नाहीतर तुझंही काही खरं नाही!"

शेडमालक दीपेश शेठ बाजूला उभा होता. अंगात खळ घालून कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट, हात जोडलेले. तो डोळे पुसत म्हणाला, "आत्म्याच्या शब्दाबाहेर मी नाही. रविवारी शांती करू आणि सोमवारी जेसीबी लावून शेड पाडू."

पुतळाबाईला त्यातला एक शब्द खटकला. दातांखाली खडा यावा तसा. तुळजाने तिला जन्मात कधी 'पुतळाताई' म्हटलं नव्हतं. ती तिला 'बाय' म्हणायची.

शेडला आग लागली तेव्हा पुढच्या दाराने सगळे पळाले. तुळजा मागच्या बाजूला कांड्या भरत होती, ती तिथेच राहिली. आगीच्या आधी ती घरी कुरकुरली होती, "बाय, सूत चोरीला जातंय म्हणून शेठनं मागच्या दाराला बाहेरून पट्टी वेल्ड करून घेतलीय. उद्या काय झालं तं आमी जायाचं कुठून?" भाविकाने तक्रारीत हेच लिहून दिलं. शेठ म्हणाला, दार उघडंच होतं, बाईनेच आतून कडी लावली. मागची बोळ झुडपांनी आणि चिंध्यांच्या ढिगांनी बुजलेली. पोलीस पुढूनच बघून गेले, आणि बोळीत तुळजाची हडळ फिरते अशी शेठने आवई उठवलेली. आत शिरून बघतो कोण?

पुतळाबाई गेली होती. एका दुपारी कोयती घेऊन ती बोळीत शिरली. दोन पावलं टाकली असतील नसतील, आतून जळके लूम वाजायला लागले. खुळूक, खुळूक. जशी कोणी बांगड्यांच्या हाताने कांडी भरतंय. ऊन रणरणत होतं, तरी ती जागीच थबकली. "तुळजे?" तिने हाक मारली. खुळूक, खुळूक. कोयती तिथेच टाकून ती धावत सुटली.

आपल्या बहिणीला आपण भ्यालो, हे तिच्या जिवाला लागलं होतं. जिवंतपणी जिला अंगाखांद्यावर वाढवलं, ती मेल्यावर आपल्याला काय खाणार होती? आणि हा शेठ! तुळजाला मारलं ते मारलं, वर तिला हडळ केली, आणि आता तिलाच मालकाची साक्षीदार केली!

घरी आल्यावर भाविका ओढणी चुलीत घालायला निघाली. "मावशी, नको ही मला. सावली हाय हिच्यावर."

"थांब गो. आन इकडं." पुतळाबाईने ओढणी नाकाशी धरली. वास ओळखीचा होता. तुळजाचं बोट तुटलं तेव्हा दवाखान्यात जखमेला लावायचं टिंचर असाच वास मारायचं. मग तिने स्वतःचा पदर बघितला. थेंब तिच्यावरही पडले होते. पण पदरावर नुसते पिवळे डाग.

सावली लेकीवर पडते आणि सख्ख्या बहिणीवर पडत नाही?

भाविकाची ओढणी तिनेच सकाळी भाताच्या पेजेत बुडवून कडक केली होती. पदराला मात्र कधी पेजेचं पाणी लागलेलं नव्हतं.

शेजारी क्षितिजा राहायची, शाळेत विज्ञान शिकवणारी. पुतळाबाई ओढणी घेऊन तिच्या ओट्यावर जाऊन बसली. क्षितिजा हसली आणि घरातून टिंचरची बाटली घेऊन आली. पाण्यात थोडं टिंचर टाकलं, तर रंग थेट बाबाच्या तीर्थासारखा.

"मावशी, घरात तांदळाची भाकरी आहे?"

भाकरीवर थेंब पडला आणि काळानिळा झाला.

"यात आयोडीन असतं. तांदूळ, बटाटा, मका, जिथे पिष्ट असतं तिथे ते काळं पडतं. पेज काय, खळ काय, सगळं पिष्टच. बाबाने धुतलेल्या कापडावर खळीचा हात उठवून वाळवला असणार. वाळला की दिसत नाही."

"म्हंजे माजी तुळजा भाकरीतबी हाय म्हण की," पुतळाबाई म्हणाली. ती हसत मात्र नव्हती. "आन ते लूम वाजतात ते?"

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आपोआप मिळालं. ती बोळीच्या तोंडाशी उभी होती. आत खुळूक, खुळूक चाललं होतं. तेवढ्यात लाइट गेली. शेजारच्या कारखान्याची धडधड थांबली आणि त्याच क्षणी भूतही थांबलं. दोन्ही शेडना भिंत एकच. इकडच्या लूमच्या हादऱ्याने तिकडची सैल लोखंडं वाजत होती. दारात बिडी ओढत उभा असलेला एक कामगार म्हणाला, "देखा चाची? बिजली गई, तो चुडैल की भी छुट्टी!"

रविवारी गर्दी दुप्पट झाली. बाबाने नवं कापड ताणलं, तांब्या पुढे ठेवला. पुतळाबाई उठली.

"बाबा, आज तीर्थ माज्या हातानं उडू दे. माजी बहीण हाय ती."

एवढ्या माणसांपुढे बाबा नाही कसा म्हणणार? "घे माय, घे. तुझ्या हाताला तर ती लवकर येईल."

तिने तांब्या उचलला, कापडाकडे पाठ केली आणि सगळं तीर्थ दीपेश शेठच्या छातीवर भिरकावलं.

शेठचा कडक शर्ट गळ्यापासून कमरेपर्यंत काळानिळा झाला. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. मग एकच गिल्ला झाला. "तुळजानं शेठला धरलं! खुनी गावला!"

बाबा बिलंदर. वारं फिरलेलं बघताच त्याने शेठकडे बोट रोखलं. "होय! आत्मा कोपला! पापी माणसा, कबूल हो!"

"मोरू, हरामखोरा!" शेठ किंचाळला. "औषध तूच आणलंस ना? सांग यांना! अरे, भूतबित काही नाही, खळीवर काळं पडतं ते!"

पण ऐकतो कोण? चार जणांनी शेठची गचांडी धरली, कुणी दगड उचलला. शेठ गुडघ्यांवर आला. पुतळाबाई बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं, बाकीचं लोकांनी केलं असतं. तुळजाही अशीच गुदमरली असेल.

मग तिला भाविका दिसली. ती पुन्हा अंग चोरून बसली होती. तिच्यासाठी आई पुन्हा हडळच झाली होती, आता एवढंच की आपल्या बाजूची.

"सोडा त्याला!" पुतळाबाई ओरडली. "खरं बोलतोय तो. जन्मात पयल्यांदा."

तिने पदराखालून भाकरी काढली आणि तांब्यातला उरलेला थेंब तिच्यावर टाकला. भाकरी काळी झाली. "ही बघा तुळजा! धरा हिला, घाला दगड!"

बाटली घेऊन आलेल्या क्षितिजाने पुढे होऊन टिंचर नि खळीचं गणित सांगितलं, मग कापडावर बाटलीतलं टिंचरचं पाणी शिंपडलं. पंजा उमटला. पुतळाबाईने बाबाचं मनगट पकडून, एक बोट मुडपून त्याचा हात पंजावर ठेवला. तंतोतंत बसला.

मागून एक म्हातारा म्हणाला, "अरे, हा तं अंबाडी गावच्या बाजारात गुडघेदुखीचं तेल विकणारा मोरू!"

गर्दी हसली. पुतळाबाई हसली नाही.

"हसता काय? परवा असाच पंजा बघून मागं सरला होता तुमी. मीबी त्या बोळीतून पळाले, मीबी शाणी न्हाय. पण आपण का भ्यालो, ते बघाया चला. भूत उगाच न्हवतं ठेवलं तिथं, राखणीला ठेवलं होतं."

ती पुढे झाली. बोळीत तिची कोयती तिथेच पडली होती. तिने झुडपं तोडली, लोकांनी चिंध्यांचे ढीग ओढून काढले. आत लूम खुळखुळत होते. या खेपेला कोणी पळालं नाही.

मागचं दार दिसलं. काळं पडलेलं, आणि त्याच्यावर बाहेरून आडवी वेल्ड केलेली लोखंडी पट्टी. दाराचा पत्रा बाहेरच्या बाजूला फुगला होता, जसं कोणी आतून धडका दिल्या असाव्यात.

भाविकाने पट्टीवर हात ठेवला आणि ती मोठ्याने रडली. आगीच्या दिवसानंतर पहिल्यांदाच आईसाठी रडली, आईच्या भीतीने नाही.

क्षितिजाने दाराचे फोटो घेतले आणि पोलिसांना फोन लावला. जेसीबी आला नाही, जीप आली. मोरूवर जादूटोणाविरोधी कायद्याने आणि शेठवर त्या पट्टीवरून गुन्हा नोंदला गेला. शेठ जीपमध्ये चढताना पुतळाबाई त्याच्यासमोर उभी राहिली.

"लोकांच्या हातून मेला असतास, तर एका दिवसात सुटला असतास. आता कोर्टात उभा ऱ्हा. तुळजा न्हाय येणार साक्षीला, मेलेलं माणूस येत न्हाय. पट्टी येईल."

मग ती लोकांकडे वळली.

"बाबांनो, कुठं भूत हाय म्हणून कोणी सांगितलं, तं पळू नका. तिथं काय लपवलंय ते आधी बघा. माज्या बहिणीला भुतानं न्हाय खाल्ली. बाहेरून बंद केलेल्या दारानं खाल्ली. आन ते दार आपल्या भीतीनं इतके दिस झाकून ठेवलं होतं."