पाय निववणारी विहीर

मी विहीर बोलतेय. विट्याच्या पलीकडं, माणदेशाच्या अंगाला एक कोरडं गाव आहे, तिथली पायऱ्यांची विहीर. माझ्याविषयी गावानं जे शोधून काढलं, ते सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

मला खोदलं आप्पासो पाटलांच्या आजोबांनी. पाणी गोड लागलं, पण रहाटाचा दोर ओढून बायकांचे हात सोलून निघायचे. आप्पासोंच्या आजीला ते बघवेना. तिनं अंगावरचं सोनं मोडून मला घडीव दगडाच्या पायऱ्या बांधल्या, थेट पाण्यात उतरणाऱ्या. बायकांनी चालत यावं, घागर बुडवावी आणि दुवा देत जावं. म्हातारी गेली, तरी तिचं नाव निघालं की मी फुगून जायचे.

मान तरी केवढा होता मला! नवी नवरी पहिली घागर माझीच उचलायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीला मात्र माझ्या पायऱ्या बंद होत्या. तिथली मनुबाई ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची. तिची सावलीसुद्धा माझ्यावर पडू नये म्हणून लोक जपायचे, आणि खरं सांगते, मलाही ते बरं वाटायचं. मी सोवळी होते ना!

ऊन तापलं की गावात नारू निघायचे. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची आणि फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा लांबलचक किडा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून कायमचा आखडायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर घरंच्या घरं अंथरुणाला खिळायची. कुणी म्हणायचं शाप आहे, कुणी म्हणायचं भोग आहेत.

ती माणसं माझ्याकडं यायची. पायरीवर बसून जळता पाय पाण्यात सोडायची आणि "आई गं!" म्हणून डोळे मिटायची. मला वाटायचं, देवानं मला यासाठीच जन्माला घातलं.

साळूबाई त्यांतलीच. तिचा नवरा जोतीराम फौजेत, लढाईवर गेलेला. एकटी शेत ओढत असताना तिचा नारू तुटला आणि डावा गुडघा आखडला तो आखडलाच. लढाई संपून जोतीराम घरी आला, तर तिच्या उजव्या पायाला फोड. हाही पाय गेला तर बायको जन्मभर खुरडत चालणार, या धास्तीनं त्याची झोप उडाली. बैलगाडीनं ताकारी स्टेशनपर्यंत आणि तिथून आगगाडीनं त्यानं तिला मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. पुढचं सगळं मी पायरीवरच्या बायकांच्या तोंडून ऐकलं.

डॉक्टरांनी पाय बांधला आणि विचारलं, "गावात आणखी कुणाकुणाला नारू आहे? ती माणसं पाणी कुठलं पितात?" "कुनी हिरीचं, कुनी ओढ्याचं," जोतीराम म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "नारूची पिल्लं पायातून पाण्यात उतरतात आणि पाण्यातून पोटात जातात. ते पाणी कोणतं, हे तुमच्या गावालाच शोधावं लागेल."

गावी परतल्यावर जोतीराम गेरू कालवून दारोदार निघाला. कुठलं पाणी पिणाऱ्यांना नारू होतो ते दिसावं, म्हणून नारूच्या घरावर तो खूण करणार होता. बायकांनी धडाधड दारं लावून घेतली. पूर्वी प्लेगात सरकारी माणसं अशाच तांबड्या खुणा करून घरं रिकामी करायला लावायची.

"फौजंत जाऊन गावाचा वैरी झालास व्हय रं?" आप्पासो पाटील कडाडले.

जोतीराम तोंड पाडून घरी आला. साळूबाई खाटेवरून म्हणाली, "आवं, तांबडं बगून भ्याल्यात त्या. बेंदराला समद्याच जनी भिंती सारवत्यात. तवा जिनं तिनं आपल्याच हातानं चुन्याचं बोट उठवू द्या की. दुखनं आमचं, तर निशानी बी आमीच करू."

तसंच झालं. बेंदराच्या दिवशी घरात जितक्यांना नारू झाला, तितकी पांढरी बोटं दारापाशी उठली. मनुबाईच्या हाती वस्तीलाही निरोप गेला होता. संध्याकाळी सजवलेल्या बैलांची मिरवणूक निघाली, पण लोक बैल सोडून भिंतीच बघत राहिले. माझं पाणी पिणाऱ्या गल्ल्यांत बोटंच बोटं. पाटलांच्या भिंतीवर तर त्यांच्या आईनं ओळच उठवलेली. आणि गावाबाहेरच्या वस्तीत? सगळ्या वस्तीत मिळून एकच बोट. ते आकारामचं. तो पाटलांच्या शेतावर राबायचा आणि तिथं त्याच्या ओंजळीत वरून माझंच पाणी ओतलं जायचं.

दुसऱ्या दिवशी एक बाई नेहमीसारखी पाय निववायला आली. पाण्याजवळ थबकली आणि तिनं पाय वर घेतला. तेव्हा मला कळून चुकलं. जे पाय मी निववत होते, त्यांतूनच विष घेत होते, आणि तेच लेकरांच्या घागरीत भरून देत होते. बाईमाणसाला तोंडावर पदर तरी ओढता येतो. मला तेवढीही सोय नव्हती.

जोतीराम पाटलांना घेऊन माझ्याकडं आला. "पाटील, पायऱ्या बुजवू. वरनं रहाट बसवू."

"आजीची पुन्याई बुजवू म्हनतोस?"

"आजीनं बायकांच्या हातांसाठी बांधल्या. आता त्यांचं पाय जाया लागलं. आज आजी असती, तर पैला दगड तिनंच टाकला असता."

आप्पासो पाण्यापर्यंत पायऱ्या उतरून आले. जाताना त्यांनी पायरीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दगडांची पहिली गाडी त्यांच्याच घरून आली.

आता दोन उन्हाळे झाले. बेंदराला बायका अजून चुना कालवतात, पण यंदा भिंती जवळजवळ कोऱ्याच राहिल्या. साळूबाईचा उजवा पाय वाचला, डावा आहे तसाच आहे. दोरानं हात पुन्हा सोलून निघतात, पण कुणी कुरकुरत नाही.

परवा मनुबाई घागर घेऊन ओढ्याकडं निघाली होती. साळूबाईनं तिला हाक मारली. बाकीच्या बायकांनी आपापल्या घागरी मागं ओढल्या. साळूबाईनं रहाटाचा दोर तिच्यापुढं धरला. "मने, घे. तुज्या हातानं वढ."

जिला इतकी वर्षं लांब ठेवलं, ती आज माझं पाणी घेईल, तर माझ्या मनावरचा भार थोडा हलका होईल, असं मला वाटलं.

मनुबाईनं दोराकडं पाहिलं. मग साळूबाईच्या आखडलेल्या गुडघ्याकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमी लांब ठिवलं, म्हनून माजी पोरं धड पायानं चालत्यात. आता कशाला?"

आणि ती ओढ्याकडं चालू लागली.

तिला बोल लावू नका. तिचं काही चुकलं नाही. साळूबाई, तू मात्र उद्या पुन्हा दोर पुढं कर. ती नको म्हणाली, तर परवा कर. तिला हाक मारायला मला तोंड नाही. मी इथंच आहे, पाणी नितळ ठेवून.