खुंटीवरचा गोल बिल्ला

अकोल्यात जिनिंग कारखान्यामागच्या वस्तीत एक होता नत्थुजी, एक त्याची जमुना, एक नत्थुजीची माय केशरबाई, आणि त्यांच्या खुंटीला लटकलेला मी. मी पत्र्याचा गोल बिल्ला बोलतोय.

कारखान्याच्या दवाखाना फंडाचे आम्ही दोघे भाऊ. माझ्यावर एकट्या कामगाराचं औषधपाणी व्हायचं. चौकोनी भाऊ जरा महाग, पण त्याच्यावर घरातली सगळी माणसं आली, बाईचं बाळंतपणही आलं. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की बिल्ले वाटायचे. एकदा घेतला की वर्षभर बदल नाही.

त्रेपन्नच्या दसऱ्याला जमुनेला सातवा लागला होता. थोरल्या सहदेवच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. ती नवऱ्याला म्हणाली, "चौकोनी आणा. मले भेव वाटून राह्यलं."

केशरबाईच्या हातात आपट्याची पानं होती. "सोनं लुटाच्या दिवशी पोटुशीच्या दुखण्याचं नाव काढतं का वं? बोललं की येते ते घरात."

"आन् ह्यायचं दुखणं बोललं तं नाई येत?"

"तो कमावता हाय. मशीनीपाशी उभा राह्यते. तू तं चुलीपाशी बसतं."

नत्थुजी मायचा शब्द मोडत नसे. तो मला घेऊन आला.

मार्गशीर्षात जमुना अडली. दायीनं हात टेकले. खाटेवर घालून तिला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं मला उलटंपालटं केलं. "हा तुह्या एकट्याचा हाय, नत्थुजी. तुले काय झालं?"

नत्थुजीला काहीच झालं नव्हतं. सरकारी इस्पितळात पोचेतो उशीर झाला. जमुना वाचली, पोटातली पोरगी गेली.

नशीब, म्हणाली केशरबाई. माणसांना हा शब्द फार सोयीचा. नत्थुजीला त्या वर्षी साधं पडसंही झालं नाही, मी खुंटीवरच गंजलो. मग सहदेवनं मला शेळीच्या गळ्यात बांधलं. शेळ्या बदलल्या, मी तोच. धार काढताना मी दिसलो की जमुना तोंड फिरवायची.

सहदेव मोठा होऊन त्याच कारखान्यात लागला. त्याची ललिता पोटुशी, आणि पुन्हा दसरा. केशरबाई म्हणाली, "आज सणाचा दिवस..."

"आत्याबाई, मांगं शुभ बोलून पायलं," जमुना म्हणाली, आणि लेकाकडं वळली. "चौकोनी आन. नाई तं घरी येऊ नोको."

म्हातारीनं आपट्याचं पहिलं पान सुनेच्या हाती ठेवलं.

बाबांनो, बिल्ला घेताना कमावतं कोण ते पाहू नका. जीव कोणाचा टांगणीला आहे ते पाहा.

ललिताही अडलीच. पण यंदा कंपाउंडरनं चौकोनी बिल्ला पाहिला आणि दार उघडलं. आज मायलेकी घरी आल्या. शेळी दारातच बांधलेली, म्हणून मला सगळं दिसलं. केशरबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नात जमुनेच्या मांडीवर मोठ्यानं रडत होती, आणि तिला उगी कर असं कोणीच म्हणत नव्हतं.