जंभेरीची फांदी

मी एक जुने संत्र्याचे झाड आहे. निदान बागेचे मालक केशवराव तरी मला तसे म्हणत. मला स्वतःला खात्री नाही.

त्या सकाळीही ते नेहमीसारखे आले. झाडांनी एकदम बहर धरावा म्हणून बागेचे पाणी काही दिवस तोडलेले होते. त्यांनी माझी साल नखाने खरवडून पाहिली, बुंध्याचे दोन फुटवे कापले आणि बागेत काम करणाऱ्या लीलाबाईंना म्हणाले, "उद्यापासून पानी सोडू." दुसऱ्या दिवशी पाणी आले नाही. केशवराव झोपेतच गेले होते.

मित्रांनो, माझा संशय जुना आहे. सौंसरच्या एका रोपवाटिकेत मी जंभेरी लिंबाचे रोप होते. आंबट, काटेरी, पण अख्खे माझे मी. एक दिवस माझ्या सालीत चीर पाडून परक्या संत्र्याचा डोळा बांधून माझे कलम केले. तो फुटताच माझा शेंडा छाटला. मुळे माझी, फळे त्याची. मग मी कोण? बोरगावच्या या शेतात लोक गोड फळ खाऊन माझी तारीफ करत, तेव्हा वाटे, ही दुसऱ्याच कोणाची स्तुती आहे. बुंध्याशी माझा जंभेरीचा फुटवा दिसला की केशवराव तो कापत. या माणसाला मी नकोच आहे, असे मी धरून चालले. एकच फुटवा त्यांनी राखला. त्याची फांदी झाली, तिला आंबटढाण जंभेऱ्या लागल्या. मला त्यातही डाव दिसला.

त्यांच्या घरात आणखी एक जण अशीच साशंक होती. अनुराधा. वडील वारल्यावर तिच्या आईने केशवरावांशी लग्न केले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वडिलांचे नाव विचारले. केशवराव तिच्याकडे पाहत थांबले. तिने वारलेल्या वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी मुकाट सही केली. ती त्यांना शेवटपर्यंत काकाच म्हणाली.

केशवराव गेल्यावर नवव्या दिवशी त्यांचा पुतण्या गजेंद्र तिला बागेत गाठून म्हणाला, "उद्या दहाव्याले पिंड मी ठेवतो, ताई. लोक विचारतीन, हे कोन म्हनून. कागदावर तं तू त्यायची नाहीस."

जवळच गवत काढणाऱ्या लीलाबाई उठून आल्या.

त्या फणकारल्या, "तू कोन रे कागद पाहनारा? हे फांदी पाह्यली? म्या मालकाले म्हटलं, कापा, झाड बिघडवून राहिले तुम्ही. तं म्हने, राहू दे बाई, पोरीले आंबट आवडते. मले काही मांगत नाही, झाडापासून तं घेते!"

"काकाचं डोकंच वेगळं होतं," गजेंद्र पुटपुटला.

मला लाज वाटली. ज्या हाताला मी इतकी वर्षे वैरी समजले, त्यानेच माझे थोडे मला ठेवू दिले होते. मित्रांनो, जोपासणाऱ्याचा संशय आला तर येऊ द्या, पण तो माणूस असेतो त्याला विचारून घ्या. मला तर तोंडच नाही. तुम्हाला आहे.

अनुराधा त्या फांदीजवळ आली. मग गजेंद्रकडे न पाहता म्हणाली, "पिंड मी ठेवीन." आणि रिकाम्या बागेकडे तोंड करून, मोठ्याने म्हणाली,

"बाबा, त्या दिवशी शाळेत मले तुमचंच नाव सांगायचं होतं. तुम्ही नाही म्हणसान, असं वाटलं मले."