चारचौघांदेखत

मुलांनो, जरा कल्पना करा. कोर्टाच्या व्हरांड्यात नऊ वर्षांची एक मुलगी बसली आहे. गावच्या टाकीचं पाणी पिऊन लोक आजारी पडताहेत, असं तिचे बाबा सगळ्यांसमोर बोलले. बाबा पंप दुरुस्त करतात. टाकी त्यांनी आतून पाहिलेली. पण अफवा पसरवली म्हणून पाणीखात्याच्या साहेबांनी त्यांच्यावरच खटला भरला. आज सुनावणी.

दाराशी कोर्टाचा म्हातारा शिपाई उभा आहे. एकतीस वर्षं त्याची कामं दोनच: नावाचा पुकारा करायचा आणि सुनावणी संपेपर्यंत दार उघडं ठेवायचं. वाऱ्यानं लागू नये म्हणून तो दाराला वीट लावून ठेवतो.

साहेब आले ते तावातावानंच.

"ती वीट काढ. दार लाव."

"बाईंचा हुकूम आहे का, साहेब?" बाई म्हणजे न्यायाधीश.

"मी सांगतोय ना! ऐकू येत नाही?"

"कान शाबूत आहेत, साहेब. गुडघे तेवढे गेलेत."

"निवृत्तीला चार महिने राहिलेत ना तुझ्या? सांभाळून राहा."

शिपायाची मान ताठ झाली.

"माणसाचा न्याय चारचौघांदेखत व्हावा, असा देशादेशांनी मिळून करार केलाय, साहेब. आपल्या देशाचीही सही आहे त्यावर. दार लावायचंच तर बाई लावतील, तेही कारण सांगून. मी कोण लावणार? आणि तुम्ही तरी कोण?"

तेवढ्यात बाई आल्या. साहेबांनी त्यांनाही तेच सांगितलं.

"कारण?"

"गर्दी होते, बाई."

"लोक ऐकायला आले, ही अडचण नव्हे. दार उघडं राहील."

साहेब आत गेले नाहीत. दारातच उभे राहून व्हरांड्यातल्या एकेकाचा चेहरा निरखू लागले. बाबांसाठी आलेले शेजारीपाजारी भिंतीला चिकटले. कुणी पाऊल उचलेना.

मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की! पण बाळ, मी फार तर दार उघडं ठेवीन. माणसांना आत कसं ढकलू?"

मग त्यानं पट्टा सारखा केला आणि बाबांच्या नावाचा असा खणखणीत पुकारा केला, की अंगणापलीकडचे लोकही वळून बघायला लागले.

आत बाबा एकटे उभे होते. समोरचे बाक रिकामे.

मुलगी उठली. शेजारच्या काकूंचं बोट धरून तिनं त्यांना साहेबांच्या अंगावरून आत नेलं, पहिल्या बाकावर बसवलं आणि पुढच्या माणसाला आणायला ती बाहेर आली.