मोड आलेली गोधडी

मी गोधडी बोलतेय. लगेच अंगावर ओढू नका, आधी ऐका. माणसांची रीत मला ठाऊक आहे. थंडी वाजली की गळ्याशी, उकडलं की पायाशी.

माझा जन्म कारध्याचा. सुशीलाबाईंनी मला शिवलं. त्या रोज वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला रत्नमाला मॅडमच्या केंद्रात यायच्या, झाडलोट करायच्या, आल्यागेल्याला पाणी द्यायच्या. मॅडम मूळच्या जवळच्याच शहापूरच्या. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, पण मनाचं दुखणं ऐकणारं माणूस कुणाच्याच वाट्याला आलं नाही, असं म्हणत त्यांनी दोन खोल्यांत केंद्र थाटलं. तिथे गोळ्या मिळत नाहीत म्हणून सुरुवातीला लोक हसले.

एकदा मॅडम म्हणाल्या, काही मुलांना आवाज, उजेड, गर्दी सोसत नाही. अंगावर वजन असलं की त्यांचा जीव थाऱ्यावर येतो.

"वजनच पाह्यजे ना, मॅडम? मंग धान भरतो," सुशीलाबाई म्हणाल्या. जुन्या लुगड्यांचे त्यांनी खण पाडले, प्रत्येकात मूठभर धान घातलं आणि टाके मारले. झाले मी तयार! वजनदार, आणि खरं सांगायचं तर थोडी गर्विष्ठही.

माझ्याखाली पहिल्यांदा निजला तो धर्मेंद्र. चांगला मिशीवाला बाप्या, पण कुठल्याच कामावर टिकत नव्हता. ट्यूबलाइटची घरघर त्याच्या डोक्यात घुसायची, आणि कुणाच्या डोळ्यांत बघून बोलणं त्याला जमायचं नाही. घरचे त्याला अर्धवट म्हणायचे. मॅडमनी त्याला बदलायच्या फंदात न पडता सरळ कामावर घेतलं. खोलीत कुणाला काय टोचतंय हे बघणं त्याचं काम. केंद्राचा एक नियमही त्यानेच घातला. कुणाचं बिनसलं, कुणी किंचाळायला लागलं, की बाकी सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, गप्प. "उभा माणूस लय मोठा दिसते," तो भिंतीकडे बघत सांगायचा.

मग गुड्डी आली. नाकाडोंगरीकडची, परकरी पोर, बोलत नसे. एकदा ती गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, गळ्याएवढ्या पाण्यात उभी सापडली होती. तेव्हापासून आईबाप शेतावर गेले की तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. तिचा बाप भैय्यालाल वाईट नव्हता हो. घाबरलेला होता.

माझ्याखाली शिरली की गुड्डीची थरथर थांबायची. ते बघून मॅडम सांगायच्या, "भाऊ, कडी काढा. तिला सोबत न्या, बांधावर बसवा." भैय्यालाल मान हलवायचा आणि घरी जाऊन कडी लावायचा.

पावसाळा लागला, धानाचे पऱ्हे म्हणजे रोपं टाकायचे दिवस आले. गुड्डी येणार म्हणून सुशीलाबाईंना माया सुचली. "लय घामट झाली गोधडी," म्हणत त्यांनी मला धुतलं. आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. मी अर्धवट वाळले, तशीच घडी घालून त्यांनी मला गाद्यांच्या थप्पीखाली सारलं. अहो, दरसाल पऱ्ह्यांसाठी धान भिजवून, पोत्यात दडपून मोड आणणाऱ्या बाई त्या! बियाण्याचं जे करायचं तेच त्यांनी माझं केलं, आणि ध्यानात कुणाच्याच आलं नाही. दोन-तीन दिवसांत माझ्या पोटात ऊब धरली, आंबूस वास सुटला. मला सगळं कळत होतं, पण गोधडीची ओरड कोण ऐकणार?

गुड्डीला घेऊन आलेला भैय्यालाल दारातच म्हणाला, "मॅडम, आज आखरी. पोरगी शांत रायली तं तुमचं आयकतो. नाही तं कडीच बरी. बोडीतून तिले कोन काढन?"

गुड्डीने थप्पीखालून मला ओढलं आणि डोक्यावर घेतलं. दुसऱ्याच क्षणी मला फेकून ती किंचाळली. तिची ओळखीची गोधडी परक्या वासाची झाली होती. ती भिंतीवर कपाळ आपटू लागली. धर्मेंद्रने पंखा बंद केला, दिवा मालवला. मॅडमनी तिचं कपाळ आणि भिंत यांच्यामध्ये उशी सरकवली आणि त्या खाली बसल्या. धर्मेंद्र बसला, सुशीलाबाई बसल्या. भैय्यालाल तेवढा उभा.

"झालं पाहून!" तो गरजला. "चाल घरी!" त्याने तिचं मनगट धरलं. तिने दुसऱ्या हाताने जे सापडलं ते धरलं, ती मी होते. मला सोडवायला त्याने माझं दुसरं टोक पकडलं. तो ओढतोय, ती ओढतेय, आणि मधे मी. माझी शिवण टर्रकन उसवली. तिचं मनगट सुटलं, ती कोपऱ्यात जाऊन आदळली, आणि मोड आलेलं धान खोलीभर पसरलं.

भैय्यालालने तिच्याकडे जायला पाय उचलला आणि तो तसाच राहिला. समोर धान होतं, पांढरे कोंब फुटलेलं. बापजाद्यांपासून त्याच्या घरात धानाला पाय लावत नाहीत. चुकून लागलाच तर हात लावून कपाळाला नेतात. आणि लेकीपर्यंत पाय टेकायला मोकळी जागा नव्हती.

त्याने पाय मागे घेतला. मग उकिडवा बसला आणि एकेक दाणा वेचू लागला. पोरीशी एवढं खाली होऊन तो कधी बसला असेल, मला नाही वाटत.

किंचाळणं चालूच होतं. माझा तर धीर सुटला होता. पण हळूहळू किंचाळण्याचे हुंदके झाले. गुड्डी बापाच्या हातांकडे बघू लागली. त्याचा हात तिच्या पायाजवळ आला. आता धरतो की काय? त्याने दाणा उचलला आणि हात मागे घेतला. बऱ्याच वेळाने गुड्डीने एक दाणा उचलला आणि बापाच्या ढिगात ठेवला. मग आणखी एक.

"मॅडम, माह्यी चूक झाली जी," सुशीलाबाई रडू लागल्या. "मीच धुतली."

भैय्यालालने डोळे पुसले. "राहू द्या बाई. बियाणं चांगलं निंगालं," म्हणत त्याने ते धान दुपट्ट्यात बांधलं. लेकीच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. तिकडे बघून तो हळूच म्हणाला, "मले लय भेव लागते, मॅडम."

"मलाही लागतं, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

आता मी म्हातारी झालेय, रंग उडालाय. पोटात धान नाही, नदीचे गुळगुळीत खडे आहेत, खुशाल धुवा. गुड्डी अजून येते. कधी शांत असते, कधी किंचाळते, आणि किंचाळली की भैय्यालाल सगळ्यांच्या आधी खाली बसतो. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर बाबांनो, तुम्हीही बसा. एवढंच मागणं आहे या चिंधीचं.

आणि हो, माझा एक कोपरा इतरांहून जड आहे. शेतात रोपांची रोवणी आटोपल्यावर भैय्यालालने खिशातून काढून मॅडमच्या टेबलावर एक वस्तू ठेवली होती. सुशीलाबाईंनी ती फडक्यात गुंडाळून माझ्यात शिवून टाकली. त्याच्या दाराची कडी आहे ती.