उसनं अवसान

मास्तरांची गाडी शिकवायची वाट ठरलेली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातून निघायचं, मैदान, पाण्याची टाकी, पोस्ट, की परत दारात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखाली जादा ब्रेक धरून त्यांनी उभी हयात काढली होती. स्कूल थोरल्या भावाचं, वाटही त्यानेच आखलेली, आणि मास्तर म्हणजे ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस. घाण्याच्या बैलाला निदान झापड तरी बांधावी लागते, यांना तीही लागत नसे.

अशा माणसाच्या बायकोला बढती मिळाली आणि घरात गोंधळ उडाला. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दूर एका बंदराच्या गावी नवी शाखा निघत होती, तिची प्रमुख म्हणून तिला बोलावलं होतं, आणि महिनाअखेरपर्यंत काय ते कळवायचं होतं. ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. मास्तरांना काही म्हणताच येईना. हो म्हणावं तर प्रश्न उभे राहायचे. तिथे आपण काय करणार, ओळखतं कोण आपल्याला, आणि दादाला काय सांगायचं? नाही म्हणावं तर तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

त्याच सुमारास एक आजी गाडी शिकायला आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. नवरा गेल्यापासून त्याची गाडी दारात धूळ खात पडली होती, ती आता आपण चालवायची असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मैदानाच्या कोपऱ्यावर मास्तरांनी त्यांना उजवीकडे वळायला सांगितलं. आजींनी गाडी खुशाल डावीकडे घेतली. मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला, पण मागे ट्रक होता.

"आजी, उजवीकडे म्हटलं होतं मी."

"ऐकलं मी. पण इकडे काय आहे ते तर बघू," आजी समोरची नजर न हलवता म्हणाल्या.

इकडे होती दुकानातले पुतळे रंगवणाऱ्यांची गल्ली. भिंतीला लावून नुसती डोकी उन्हात वाळत ठेवलेली, आणि एक रंगारी बसून एकेका डोक्याला भुवया काढत होता. अख्खा जन्म या शहरात गेला आणि मास्तरांना ही गल्ली ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी तोच प्रकार. या वेळी गाडी एका चढावर निघाली, तिथून सगळ्या शहराची छपरं दिसत होती, आणि त्यात आपलं घर कुठलं ते मास्तरांना शोधूनही सापडेना. पुढे पुढे तर त्यांनी उजवीकडे म्हणणंच सोडून दिलं. ही बाई शूर आहे की डोक्याने जरा कमी, याचा काही पत्ता लागत नव्हता. पण गाडीतून उतरल्यावर त्यांना विनाकारण शीळ घालावीशी वाटे.

घरी त्यांची टकळी सुरू झाली. या वयात ही बाई रोज नवा रस्ता धरते, आणि आपण? सरड्याची धाव कुंपणापर्यंत. बायको भाजी चिरायची थांबून त्यांच्याकडे बघत राहायची. आणि मुदत संपायच्या बेतात असताना एका संध्याकाळी मास्तर बोलून गेले, "कळवून टाक हो म्हणून. जाऊ या." हे आपणच बोललो की काय, असं त्यांना स्वतःलाच वाटलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस, असं दादाने बजावून पाहिलं, आणि मग चिडून त्यांच्या जागी दुसरा माणूस बघायला घेतला. घरात रिकामी खोकी येऊन पडली.

आजींच्या शेवटच्या दिवशी मास्तरांना राहवेना. गाडी उभी राहिल्यावर त्यांनी बढतीपासून खोक्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं, आणि हे केवळ तुमच्यामुळे, असंही सांगितलं. आजींचा चेहरा पार उतरला.

"माझ्यामुळे? अहो मास्तर, मला उजवीकडे वळायची भीती वाटते. समोरून एवढ्या गाड्या येत असतात, त्यांच्या मधून घुसायचं कसं? डावीकडे कोणी आडवं येत नाही. डावीकडे डावीकडे करत गेलं की फिरून घर येतंच."

"मग ते, इकडे काय आहे बघू?"

"घाबरले म्हणायची लाज वाटली. तोंडाला आलं ते बोलले."

मास्तरांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला, पण कोणावर ते कळेना. एका भित्र्या बाईने भीतीपोटी घेतलेली वळणं, आणि त्यांच्या जोरावर आपण चालता संसार उचलला! पण ती गल्ली तर खरी होती, ती छपरंही खरी होती. मग यातलं खोटं नेमकं काय? एवढी भीती होती तर शिकायचं सोडून का नाही दिलंत, असं त्यांनी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

हा प्रश्न आजींना स्वतःला कधी पडलाच नसावा. "भीती वाटली म्हणून लांबून गेले," त्या म्हणाल्या. "त्यासाठी घरी कशाला बसायचं?"

मास्तर पायी घरी निघाले. दादाच्या हातापाया पडलं तर तो अजूनही ठेवून घेईल, असं एका कोपऱ्यावर वाटलं. पुढच्या कोपऱ्यावर तो बेत फिरला, त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा आला. घरी बायको जमिनीवर बसून वर्तमानपत्रात बशा गुंडाळत होती. मास्तर चपला न काढताच तिच्यासमोर बसले.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाटत होती. सगळा जोर त्या आजींचा होता, आणि तो त्यांच्याकडेही नव्हता."

बायकोचा हात थांबला. ही आता रडणार, असं मास्तरांना वाटलं.

"मलाही वाटते," ती हळूच म्हणाली. "मी तर नाही म्हणूनच कळवणार होते. पण तुम्ही रोज काय काय सांगत यायचात. म्हटलं, हे एवढे तयार झालेत, आता मी कशी कच खाऊ?"

म्हणजे जायची छाती कोणाचीच नव्हती, आणि जायचं मात्र ठरलं होतं. नाही म्हणून कळवू या का, असं मास्तरांनी विचारलं. तुम्हीच सांगा, ती म्हणाली. तूच सांग, हे म्हणाले. तेवढं सांगायलाही कोणी पुढे होईना. शेवटी बायकोने थोडी वर्तमानपत्रं त्यांच्याकडे सरकवली, आणि मास्तर बशा गुंडाळायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात एकाच गोष्टीला दोघांनी मिळून घाबरायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.