कुंदनचं केळवण

आमच्या दाजींच्या घराण्यात हृदयविकार नाही. दाजी, म्हणजे भारतराव, हे छातीवर हात ठेवून सांगतात. घराण्यात आजवर कोणी तपासूनच घेतलेलं नाही, हे सांगताना हात खाली घेतात.

त्यांचा कुंदन ओझरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. वय एकोणतीस. कामावर बसून काम, घरी बसून आराम. वैष्णवीशी लग्न ठरल्यावर पोट आणखी सुटलं, तेव्हा माझी बहीण उज्वला कौतुकानं म्हणाली, "अंगाला लागतंय हो त्याच्या."

कारखान्यातल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. कुंदनबरोबर दाजी गेले, मामा म्हणून मीही गेलो.

"कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, सगळं वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "चांगलं कोलेस्टेरॉल तेवढं कमी. पाचातल्या तीन गोष्टी असल्या तरी धोका. यांच्या पाचही आहेत."

"पाचही?" पोराला पैकीच्या पैकी मिळाल्याचं दाजी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आत्ताच आवरा. नाहीतर हृदयावर जाईल."

"अहो, पण त्याचं लग्न व्हायचंय अजून!"

हृदय पत्रिका बघत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गाडीत दाजींनी फर्मान काढलं, "वैष्णवीकडं अवाक्षर काढायचं नाय. सोयरीक मोडंल." कुंदननं मान डोलावली.

आता केळवणात नवरदेव पोळीला नको म्हणाला, तर दहा तोंडं का म्हणून विचारणार. म्हणून कुंदन जाईल तिथं खात राहिला. मग वैष्णवीच्या मामांनी सायखेड्याला दोघांना जोडीनं बोलावलं, बरोबर दाजींना आणि मलाही. तिची आई आशाताई स्वतः पुरणपोळ्या वाढत होत्या.

"घ्या हो जावईबापू, एकानं काय होतंय?"

कुंदननं दाजींकडं पाहिलं. दाजींनी भुवयांनीच 'खा' म्हटलं. चौथ्या पोळीवर तुपाची धार पडली आणि त्याचा हात ताटातच राहिला. कपाळावर घाम. माझ्याकडं वळून म्हणाला,

"मामा, डाव्या हातात कळ येतेय."

"पित्त असंल, सोडा आणा," कोणीतरी म्हणालं. वैष्णवीनं सोड्याचा ग्लास बाजूला सारला आणि गाडी काढायला लावली.

नाशिकच्या हॉस्पिटलात स्ट्रेचर दारात येताच नर्सनं आधी दाजींनाच आडवं व्हायला सांगितलं. पेशंट दुसराच आहे हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिनं कुंदनकडं पाहिलं आणि स्ट्रेचर पळवतच आत नेलं. हार्ट अटॅकच होता. शीर उघडून आत स्टेंट बसवला. वाचला. एकोणतीस वर्षांचं पोर, परवापर्यंत शेरवानीची मापं देत होतं.

बाकड्यावर दाजी ढसाढसा रडले. वैष्णवीपुढं हात जोडून म्हणाले, "पोरी, आम्ही लपवलं. आता तू सांगशील ते."

"काका, डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. लग्न होईल. केळवणात समोर बसून मी खाऊ नको म्हणून किती खुणावत होते, तो तुमच्याकडंच बघत होता."

दाजींनी आ वासला. आशाताईंनी पदरानं डोळे पुसले.

"आम्हाला बी तिनं सांगितलंवतं. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय. पण काळजी घेतली हो. एरवी पुरणात निम्मी साखर असते आमच्यात. त्या दिवशी कणभर घातली नाय. सगळा गूळच होता."